नकली सुमित्रा

“अरुणाआत्या, तुझ्या कंपनीत नकली माल पकडायला माणसं किती आहेत? आणि कोणाला पकडायचं, कोणाला सोडायचं, हे त्यांच्यातलं कोण ठरवतं?”

नंदाने हे एका दमात विचारलं आणि लगेच एक अख्खी अळूवडी तोंडात कोंबली. कोणी उलट काही विचारलंच, तर ती चावून होईपर्यंत विचार करायला वेळ मिळाला असता.

खांबेट्यांच्या फरीदाबादच्या घरात रविवारी जेवताना धंद्याचं बोलणं निघायचंच. पण ते काढायचं विलासकाकांनी, लांबवायचं बाबांनी आणि मिटवायचं आजीने. बाकीच्यांनी जेवायचं, अशी आजवरची वहिवाट. त्यामुळे विलासकाकांचा घास वाटीतच राहिला. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. आई मात्र वाढता वाढता लेकीकडे बघत राहिली, आणि कोशिंबिरीचा चमचा बाबांच्या भातावर रिकामा झाला.

“काय प्रश्न आहे,” आत्या म्हणाली. “आमच्या डायरेक्टरांनी सुद्धा इतका नीट कधी विचारला नाही. शिकवला कोणी?”

“कोणी कशाला शिकवेल? माझाच आहे.”

हे अर्धंच खरं होतं. शब्द तिचे होते, पैज मैत्रिणींची. शुक्रवारी मधल्या सुट्टीत, पहाडगंजच्या शाळेच्या जिन्यात डबे उघडून बसलेल्या असताना, अलका म्हणाली होती, “जेवताना धंद्यावरचा प्रश्न तू विचारशील? रहने दे यार. तुमच्याकडे मोठी माणसं बोलायला लागली की तू काकडीशी गप्पा मारतेस.” गेल्या वर्षापर्यंत ते अगदी खरं होतं. पण जानेवारीत स्नेहसंमेलनाच्या दिवशी सूत्रसंचालन करणारी मुलगी तापाने आडवी झाली, बाईंनी हाताशी सापडली म्हणून नंदाच्या हातात माइक दिला, आणि तिला शोध लागला की आपल्या आवाजाने शेवटच्या रांगेतले पालकसुद्धा मोबाइल खाली ठेवतात. तेव्हापासून अलकनंदा श्रीरंग खांबेटे ही निराळीच मुलगी झाली होती. दूधवाल्याशीसुद्धा ती आता माइकवर असल्यासारखी बोलायची.

पैजेवर सगळ्या हसल्या होत्या, एक लतिका सोडून. शाळा सुटल्यावर मेट्रोच्या दाराशी लतिकाने तिला बाजूला ओढून फोन दाखवला. लतिकाच्या बाबांचं, बळवंतरावांचं, पहाडगंजात भांड्यांचं दुकान. त्यांना व्हॉट्सअॅपवर एक इंग्रजी नोटीस आली होती: तुम्ही आमच्या ‘सुमित्रा’ पुरणयंत्राची नक्कल विकता, सात वर्षं आत जाल, दुकानाला सील लागेल. नोटीस पाठवणाऱ्याच्या फोटोत मनालीच्या बर्फात काळा चष्मा लावून विलासकाका उभे होते. “बाबा दोन दिवस जेवले नाहीत नीट,” लतिका म्हणाली होती. “तू त्यांच्या घरातली आहेस ना? विचार ना, खरंच केस करणार का. मला सरळ विचारवत नाही, तू पैजेच्या नावाने विचार.”

तर असा तो प्रश्न होता.

“चार,” आत्या म्हणाली. “मला धरून.”

“चार?” विलासकाकांना घास गिळायचं निमित्त मिळालं. “गुरुग्रामला एवढी काचेची बिल्डिंग, देशभर तुमचे नळ, आणि चार माणसं?”

“चार म्हणजे चैन आहे रे. आधी मी आणि माझा टायपिस्ट असे दोघंच होतो. आता एक मुलगी दिवसभर इंटरनेटवर बसून खोट्या जाहिराती काढायला लावते. एक जण बाजारात फिरणाऱ्या एजन्सीच्या मागे असतो. एक बाहेरच्या वकिलांच्या मागे.”

“आणि तू?” नंदाने विचारलं.

“मी नाही म्हणते. मला पगार मुख्यतः नाही म्हणण्याचाच मिळतो.” आत्याने ताकाची वाटी पुढे ओढली. “रोज कुठून ना कुठून तक्रार येते. कानपूरला आपला नळ नकली, इंदूरला नकली. सगळ्यांच्या मागे धावलो तर कंपनी नळ कधी करणार? म्हणून आधी बघायचं, नकली मालाने कोणाला इजा होईल का. गीझरचा नकली व्हॉल्व्ह असेल तर बाकी सगळं बाजूला. मग बघायचं, माल बनतो कुठे. विकणारे शंभर असतात, बनवणारे एक-दोन. आणि मग एक तिसरा ढीग असतो, सगळ्यात मोठा.”

“तो कसला?”

“साहेबांच्या रागाचा. आमचे एमडी छतरपूरला एका फार्महाउसवर लग्नाला गेले. हात धुवायला गेले तर नळ नकली. झालं, महिनाभर आम्ही चौघंही त्या एका फार्महाउसच्या मालकामागे. बिचाऱ्याला स्वतःलाच फसवून कोणीतरी तो नळ विकला होता. आणि जिथे ते नळ बनत होते ती फॅक्टरी त्या महिन्यात दोन शिफ्टमध्ये चालली.”

बाबा खो खो हसले. विलासकाका हसले नाहीत. त्यांना वाटलं, एमडीच्या नावाने आपल्यावरच बोलणं चाललंय, आणि त्यांना वाटलं ते काही चूक नव्हतं.

“तुमच्या नळांचं ते झालं,” ते म्हणाले. “ताई, आपलं घर छोटं. आपल्याला या वर्षी एकच केस परवडते. आणि आपला चोर मला ठाऊक आहे. नाव ठाऊक, गल्ली ठाऊक, दुकान किती वाजता उघडतं तेही ठाऊक. मी स्वतः गेलो होतो. मी म्हटलं, हे आमच्या कंपनीचं नाव आहे, तर म्हणतो कसा, ‘साहेब, मग घेऊन जा ना, होळीचा सीझन आहे, कमी करून देतो.’ मला. खांबेट्याला. कमी करून देतो.”

बोलणं पुढे कुठे जाणार ते नंदाला कळलं आणि तिने ताटातली दुसरी अळूवडी बाजूला सरकवली.

होळी तीन आठवड्यांवर होती. खांबेट्यांचं सगळं वर्ष या तीन आठवड्यांत ठरायचं. नंदाचे आजोबा, दीनानाथ खांबेटे, सरकारी नोकरी सोडून या औद्योगिक गावात आले आणि दिल्लीत कोणाला नावही माहीत नसलेलं पुरणयंत्र करू लागले. ते नाशिकपासून नागपूरपर्यंत जाऊ लागलं. डब्यावर त्यांनी बायकोचं चित्र छापलं: कपाळावर चंद्रकोर, नाकात नथ, चेहऱ्यावर ‘पुरण वाटून झालं, आता काय?’ असा भाव. ती सुमित्रा म्हणजे आजी. आता पंचाहत्तरी ओलांडून टेबलाच्या टोकाला बसलेली आणि स्वतःच्या चित्राचा अजूनही अभिमान असलेली.

“मी विलासच्या बाजूने आहे,” आजी म्हणाली. “त्या नकली डब्यावर मला नथ उजवीकडे घातलीय. उजवीकडे कोणी नथ घालतं का? आणि हनुवटी अशी केलीय की ती बाई कोणावर तरी रागावलेली आहे.”

“माई, नथीसाठी कोर्टात जायचं?” बाबांनी विचारलं.

“मग कशासाठी जातात?”

“मी पण म्हणते, एकदा लेखी होऊन जाऊ दे,” आई म्हणाली. ती कृषी मंत्रालयात होती आणि कुठलीही गोष्ट कागदावर आली की निम्मी सुटते असं तिचं मत होतं. “विलासभावजींनी व्हॉट्सअॅपवर पाठवलं ते काही खरं नाही. पण रीतसर नोटीस वकिलामार्फत गेली तर दुकानदार घाबरतोच.”

“दादा, तू बोल ना,” विलासकाका बाबांकडे वळले.

बाबांनी भातातली कोशिंबीर बाजूला केली. “खरं सांगू? मला राग त्या मॉलमधल्या दुकानाचा येतो. गुरुग्रामचं. आपलं हँडल जसंच्या तसं उचललंय त्यांनी, स्वतःच्या नावाने विकतात.”

“त्यांच्यावर नको,” आई, काका आणि आजी एकदम म्हणाले. त्या दुकानाला खांबेटेच दर महिन्याला चकलीचे सोरे पुरवायचे.

“बघ नंदू,” आत्या म्हणाली, “केस कोणावर करायची ते असं ठरतं. मोठ्यावर नको कारण तो गिऱ्हाईक आहे, बनवणाऱ्यावर नको कारण तो सापडत नाही. उरला तो पहाडगंजचा, कारण मेट्रोने जाता येतं.”

“तू टोमणे मार,” विलासकाका म्हणाले. “तुला काय. तू घर सोडून परक्यांचे नळ सांभाळायला गेलीस. आपले बाबा वारले तेव्हा म्हटलं होतं, ताई, ये, आपलं कायद्याचं सगळं तू बघ. आली नाहीस.”

याआधी असं बोलणं निघालं की आत्या उठून गुरुग्रामला निघून जायची आणि पुढचे दोन रविवार यायची नाही, हे सगळ्यांना आठवलं असणार. या वेळी तिने फक्त ताक संपवलं.

“तू म्हटलं होतंस, ताई, ये, सही करायला कोणीतरी हवं,” ती शांतपणे म्हणाली. “बघायला ये असं नव्हतास म्हणाला. जाऊ दे. आज पाहुणी म्हणून फुकट सांगते. तो नकली माल आहे का घरात? मला हातात घेऊन बघायचाय.”

“आहे ना,” विलासकाका उठलेच. “बाल्कनीत या.”

बाल्कनीत ताडपत्री होती. ताडपत्रीखाली डब्यांची भिंत होती, आणि प्रत्येक डब्यावरून उजव्या नाकपुडीत नथ घातलेली, रागावलेली सुमित्रा त्यांच्याकडे बघत होती.

“विलास,” बाबा म्हणाले, “हे किती आणलंस?”

“सगळं. त्याच्या दुकानातलं सगळं उचललं. एक नग शिल्लक ठेवला नाही. बाजारातून मालच उठवला की संपलं.” एवढं बोलून काकांनी मान ताठ केली.

आत्याने कपाळाला हात लावला. बोलली ती आजी. “एक डबा फोड. माझ्या नावाने काय करून ठेवलंय ते मला माझ्या ओट्यावर बघू दे.”

पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवून चाळणीत निथळत ठेवलेली होतीच. आजीने नकली यंत्र धुतलं, ओट्याला लावलं, जाळी बसवली, आणि हँडल फिरवायला नंदाला उभं केलं. पहिले दोन फेरे बरे गेले. तिसऱ्याला हँडल हातात वाकलं. चौथ्याला जाळी कुरकुरली, फळ्यावर उलटा धरलेला खडू कुरकुरतो तशी.

“थांब,” आजी म्हणाली. तिने पदराच्या टोकाने नाही, स्वच्छ पांढऱ्या पंच्याने जाळी खालून पुसली. पंच्यावर करडी, चमकती पूड उमटली. वरचा मुलामा सुटत होता. खाली पडलेल्या पिवळ्या पुरणात तीच पूड होती, तिखटासारखी भुरभुरलेली.

आजीने ते पुरण बोटावर घेतलं, उजेडात धरलं आणि बोट नळाखाली धुतलं.

“नथ राहू दे,” ती म्हणाली. “हे लोकांच्या पोटात जाणार. लहान पोरांच्या. आणि डब्यावर तोंड माझं.” तिचा आवाज नंदाने असा कधी ऐकला नव्हता. “हे बंद झालं पाहिजे. होळीच्या आत. विलास, कर तुझी केस.”

“तेच तर म्हणतोय मी,” विलासकाकांना बळ आलं. “त्या दुकानाला सील ठोकतो. चला, जाळ्या काढा. मत घेऊन टाकू.”

खांबेट्यांकडे मत जाळीने द्यायचं. दीनानाथांनी घातलेली पद्धत होती ती. पुरणयंत्राबरोबर दोन जाळ्या येतात, एक बारीक, एक जाड. बारीक पुढे सरकवली तर ठराव मंजूर, जाड सरकवली तर परत वाटायला घ्या. हात माणूस शेजाऱ्याकडे बघून वर करतो, जाळी उचलताना स्वतःच्या हाताकडे बघावं लागतं, असं ते म्हणत. आणि जाळी मिळायची ती कारखान्यात एक हंगाम काम केलेल्यालाच. म्हणून वीस वर्षं मंत्रालयात काढलेल्या आईलाही लग्नानंतर पहिल्या वर्षी सुट्टी घेऊन पॅकिंगला बसावं लागलं होतं.

विलासकाकांनी फडताळातून जाळ्यांचा डबा काढला आणि पाच जोड्या टेबलावर मांडल्या.

“सहा,” नंदा म्हणाली.

“काय सहा?”

“मला पण जोडी पाहिजे. गेल्या दिवाळीत शाळेला सुट्टी लागल्यापासून मी पॅकिंगला होते. सोऱ्यांचे सगळे डबे मी बांधलेत. हंगाम झाला माझा.”

“अगं, तू हौसेने आली होतीस.”

“मग काय झालं? नियमात हौस चालत नाही असं कुठे आहे?”

विलासकाकांनी बाबांकडे बघितलं, बाबांनी आईकडे, आईने आजीकडे. आजीने सहावी जोडी काढली आणि नंदासमोर ठेवली. “मुलीचं बरोबर आहे. मीच चहा नेऊन दिला होता तिला.”

जाळ्या हातात आल्यावर नंदाने त्या टेबलावर एका रेषेत मांडल्या. मग तिने जानेवारीत केलं तेच केलं. मागच्या रांगेकडे, म्हणजे फ्रिजकडे बघितलं आणि बोलायला लागली.

“मत द्यायच्या आधी मला सांगायचंय. ते दुकान माझ्या मैत्रिणीचं आहे. लतिकाच्या बाबांचं, बळवंतकाकांचं. काका, तुमच्या नोटिशीपासून ते नीट जेवत नाहीत. म्हणून आजचा तो प्रश्न मी विचारला.”

“म्हणजे शत्रूचा माणूस घरात,” काका म्हणाले.

“ऐका ना. त्यांनी हा माल बनवला नाही. एक जण टेम्पो घेऊन आला, म्हणाला होळीचा माल आहे, विकला गेला तर पैसे द्या. त्यांना वाटलं खांबेट्यांचाच आहे. ते म्हणे महिनाभर विचार करत होते की हे कोण विकत घेणार इथे. आणि मग एक दिवस एक गृहस्थ आले,” नंदा थांबली, कारण आता तिला हसू दाबता येत नव्हतं, “आणि दुकानातलं सगळं घेऊन गेले. एकही ठेवलं नाही. लतिकाचे बाबा इतके खूश झाले, की त्यांनी त्याच संध्याकाळी टेम्पोवाल्याला फोन करून दोनशेची ऑर्डर दिली.”

आधी आईच्या तोंडातून एक बारीक आवाज निघाला. मग बाबांनी टेबलावर डोकं टेकलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आजी हसता हसता पंच्याने डोळे पुसायला गेली आणि तो करडा पंचा बघून आणखीच हसली. आत्याने तर चक्क विलासकाकांच्या पाठीवर थाप मारली.

“बाजारातून माल उठवला,” बाबा मधेच म्हणाले आणि पुन्हा खाली गेले.

“हसा,” विलासकाका म्हणाले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “मला काय माहीत तो लगेच ऑर्डर देईल. मी कंपनीसाठी केलं.”

नंदाला एकदम वाईट वाटलं. काका खरंच घामाघूम होऊन ते डबे घेऊन आले असणार, टॅक्सीत कोंबून, जिन्याने वर. ती काही बोलणार तोच आत्याचं हसणं थांबलं. थांबलं म्हणजे मधेच तुटलं.

“नंदू, ते दोनशे नग आले का दुकानात?”

“नाही. येत्या शनिवारी येणार म्हणाली लतिका. म्हणूनच बळवंतकाका जास्त घाबरलेत, आता काय करू म्हणून.”

“येणार आहेत,” आत्या सावकाश म्हणाली. “टेम्पो येणार. म्हणजे टेम्पो कुठून तरी निघणार. विलास, मी एका एजन्सीला वर्षभर यासाठी नेमते. मोठी ऑर्डर द्यायची, माल कुठून निघतो ते शोधायचं. मग कोर्टाकडून माणूस नेमून घ्यायचा, तो थेट कारखान्यात जाऊन साचे आणि माल सील करतो. तू ते काहीही न ठरवता करून ठेवलंस.”

“म्हणजे मी बरोबर केलं?”

“नाही. तू चूकच केलंस. ती उपयोगी पडली.”

“चालेल,” विलासकाका म्हणाले, आणि खुर्चीत मागे टेकून बसले. इतका समाधानी चेहरा त्यांचा दिवाळीतही झाला नव्हता.

“पण,” आत्या म्हणाली, “टेम्पोवाल्याचा नंबर बळवंतरावांकडे. आणि बळवंतरावांना तुम्ही सात वर्षं आत टाकणार आहात. कोणत्या कलमाखाली सात वर्षं रे?”

“इंटरनेटवर होतं.”

“ते आता आपल्याला दारात उभं करणार नाहीत. तेव्हा ठराव असा मांडते. पहाडगंजच्या दुकानावर केस नाही. नोटीस मागे. त्यांना साक्षीदार करायचं, आणि जी एक केस परवडते ती बनवणाऱ्यावर. टाका जाळ्या.”

आजीची बारीक जाळी सगळ्यात आधी पुढे गेली. मग आत्याची, बाबांची. आईने जरा वेळ घेतला, “लेखी माघार मीच लिहून देईन, भावजींच्या भाषेत नको,” असं म्हणून सरकवली. नंदाने आपली पहिली जाळी दोन्ही हातांनी धरून टेबलाच्या मधोमध नेऊन ठेवली. विलासकाकांनी जाड उचलली, खाली ठेवली, बारीक उचलली.

“माझी ऑर्डर आहे ती,” ते पुटपुटले. “होऊ दे.”

आता प्रश्न एवढाच राहिला की जायचं कोणी. तो प्रश्न सोपा वाटला होता, पण सगळ्यांनी आपापल्या अडचणी काढल्या तेव्हा आत्या हसायला लागली.

“मी नाही जाऊ शकत. माझ्या नोकरीच्या करारात आहे, बाहेरचं काम करायचं नाही. जेवताना बोलेन, वकील शोधून देईन, त्यापुढे नाही.”

“माझं संसदेचं अधिवेशन चालू आहे,” आई म्हणाली. “रोज प्रश्नांची उत्तरं जातात. शौचालयात जायला सुद्धा विचारावं लागतं.”

“तीन आठवडे मी मशीनपासून हलू शकत नाही,” बाबा म्हणाले.

विलासकाकांकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. “मी जाऊन माफी मागू शकतो,” ते म्हणाले, आणि सगळे एकदम नको म्हणाले.

“बघितलंस नंदू?” आत्या म्हणाली. “सगळ्या कंपन्यांचं असंच असतं. भांडायची हौस सगळ्यांना, भांडायला माणूस कोणी नेमत नाही. शेवटी बाहेरचा वकील धरावा लागतो. तो काळा कोट घालून दुकानात शिरला की बळवंतराव मागच्या दाराने पळतील.”

नंदा उठून उभी राहिली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. पुरण आता कढईत होतं, आजीने मधेच उठून असली ‘सुमित्रा’तून काढलेलं, आणि गूळ विरघळायला लागल्याचा वास बाहेर आला होता. तिला शुक्रवारचा लतिकाचा चेहरा आठवला, फोन पुढे करताना लाजेने खाली घातलेला. उद्या तो चेहरा वर करायचा होता, आणि ते काम इथे दुसऱ्या कोणालाच जमण्यासारखं नव्हतं.

“आई, बाबा,” ती म्हणाली, “मी ठरवलंय.”

“काय?” बाबांनी चष्मा पुन्हा खाली घेतला.

आई मात्र ऑफिसातल्यासारखी सरळ बसली. “हे मंजुरीसाठी आहे की माहितीसाठी?”

“माहितीसाठी,” नंदा म्हणाली. “उद्या शाळा सुटल्यावर मी लतिकाबरोबर त्यांच्या दुकानात जाणार आहे. आजी माझ्याबरोबर येणार, कारण डब्यावरची बाई समोर येऊन बसली तर बळवंतकाका चहा पाजल्याशिवाय राहणार नाहीत. नोटीस मागे घेतली म्हणून मी सांगणार, टेम्पोवाल्याचा नंबर मी घेणार, आणि वकील येईल तेव्हा दुकानात त्यांच्या शेजारी मी उभी राहणार. परीक्षा होळीनंतर आहे, अभ्यास मेट्रोत करीन. आणि हे एवढ्यापुरतं नाही. खांबेट्यांचं नकली माल पकडायचं खातं आजपासून माझ्याकडे आहे. काका, तुम्हाला कोणाला काही पाठवायचं असेल तर आधी मला दाखवायचं. मी बहुतेक नाहीच म्हणेन.”